नकाशातली नाव

नावाड्याच्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी गावातलं पोस्ट बंद झालं. दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात आल्या. जुळ्यांची जावयाने फोनवरून दिली. पोस्टाची पोस्टाच्याच दारावर लागली. कागद चिकटवायलासुद्धा खात्याने माणूस धाडला नव्हता. तो कागद टपालाने पोस्टबाईंना आला आणि बाईंनी आपल्याच हाताने खळ लावून तो आपल्याच दाराला चिकटवला.

नावाड्याने शब्दांवर बोट फिरवत तो वाचला. ग्राहकांच्या सोयीसाठी हे कार्यालय बंद करण्यात येत आहे.

"बाई, सोयीसाठी बंद म्हणजे कसं हो? उद्या डॉक्टर म्हणेल, तब्येतीसाठी मरा."

"तात्या, खाली वाचा. जवळचा पर्याय दिलाय."

जवळचा पर्याय म्हणजे नदीपलीकडच्या गावातल्या किराणा दुकानात मांडलेला एक काउंटर. यापुढे टपाल घरोघर यायचं नाही, ज्याचं त्याने तिथून न्यायचं. ते दुकान गावातून दिसायचं, हे खरं. चंद्रही दिसतो. रस्त्याने जायचं तर आधी पुलापर्यंत बस, पूल ओलांडून दुसरी बस, आणि परत येईपर्यंत दिवेलागण.

नावाडी पोस्टापुढे बराच वेळ उभा राहिला. गावात कोणाला या पोस्टाची खरीखुरी गरज असेल तर ती त्याला होती, आणि ती का, हे सगळ्या गावाला पाठ होतं.

पलीकडच्या काठावर त्याची थोरली बहीण राहत होती. इकडून तिच्या घराचं निळं छप्पर दिसायचं, दोरीवर काय वाळत घातलंय तेही कळायचं. तरी वीस वर्षांत दोघं तोंडाने एक शब्द बोलले नव्हते. नदीच्या खालच्या अंगाला, लांबवर पूल झाला तेव्हा सरकारने याची नाव बंद केली. कार्यक्रम केला, गळ्यात हार घातला, भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. ते महिन्याभरात बंद पडलं. आक्काचा नवरा हेडमास्तर, म्हणून तिलाही व्यासपीठावर बसवलं होतं. माइक हातात आल्यावर ती म्हणाली, "पूल झाला ते बरं झालं. माझ्या भावाच्या नावेत बसायचं म्हणजे घरी निरोप घेऊनच निघावं लागायचं." सगळे पोट धरून हसले. नावाड्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिथल्या तिथे तो तिला म्हणाला, "आजपासून तुझ्या तोंडाशी तोंड नाही. काही सांगायचं असलं तर लिहून पाठव."

त्याला तेव्हा वाचता येत नव्हतं, म्हणजे विषय कायमचा संपला अशी त्याची समजूत. आठ दिवसांत कार्ड आलं. पोस्टबाईंनी ते चार लोकांत मोठ्याने वाचलं, आणि त्यात जे लिहिलं होतं ते ऐकून लोक पुन्हा पोट धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून साठीला आलेला हा माणूस दुपारची गर्दी ओसरली की बाईंच्या टेबलाशी बसून अक्षरं गिरवायला लागला. आपला अपमान आपणच वाचावा, एवढीच त्याची इच्छा.

मग दर आठवड्याला कार्ड जायचं आणि यायचं. नदीवरून दगड भिरकावला असता तर पोचला असता, पण कार्ड आधी शहराला जायचं, तिथे शिक्का खायचं आणि पाच-सहा दिवसांनी पलीकडे उतरायचं. आक्का लिहायची, "काल तुझ्या छपरावर कोणी बसलेलं दिसलं. बोका असेल तर असू दे. तू असशील तर उतर, वय झालं." हा लिहायचा, "तुझ्या दोरीवर महिनाभर तीच चादर आहे. वाळली असेल आता." फोन दोघांकडे होते. पण फोन म्हणजे तोंडच की.

पोस्ट बंद होणार म्हटल्यावर गावाच्या अंगात आलं. शाळेच्या खोलीत सभा भरली, खात्याचे साहेब गाडीतून आले. ज्यांच्या जिभेला वर्षानुवर्षं तिकिटाचा डिंक लागला नव्हता ते सगळ्यात पुढे. गावचा पुढारी टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "माझ्या आजोबांनी या पोस्टाला जागा दिली!"

"त्यांच्या नातवाने शेवटचं पाकीट कधी घेतलं, तेही सांगा," मागून पोस्टबाई म्हणाल्या. पुढारी खाली बसला.

साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचाच आवाज. "हे तुमचं गाव. हा पर्यायी काउंटर. अंतर बघा. चालत जाण्याजोगं आहे."

नावाड्याने मान पुढे काढली. "मधलं हे निळं काय आहे, साहेब?"

"नदी."

"त्यावरून चालायचं?"

"नाही हो. ही तुटक रेषा दिसते का? इथे सरकारी नाव चालते."

सगळी खोली नावाड्याकडे बघायला लागली.

"चालते?" नावाडी म्हणाला.

"नकाशात आहे."

"साहेब, ती नाव मीच चालवत होतो. वीस वर्षं झाली बंद होऊन. तुमच्याच सरकारने बंद केली."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली, पण ती चूक कळल्याची नव्हती, कटकटीची होती. "तसं असेल तर आमच्या खात्याला पत्र यायला हवं होतं. आलेलं नाही. तुम्ही आता पाठवू शकता."

"कुठल्या पोस्टातून पाठवू?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन उघडलं. "ती नाव सध्या कुठे आहे?"

"गोठ्यामागे. पालथी पडलीय. कोंबड्या बसतात तिच्याखाली."

"म्हणजे आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं: नाव उपलब्ध.

सभा संपल्यावर तेच पुढारी, तेच शेजारी नावाड्याच्या अंगणात. "तात्या, आता गावाची लाज तुमच्या हातात. नाव पाण्यात टाका."

"वीस वर्षांपूर्वी हार घालताना तुमचे हात नाही दुखले?"

"ते जुनं काय काढता?"

"नावच जुनी आहे. तिच्यात बसायला निघालात, म्हणून काढतो."

त्याने सगळ्यांना वाटेला लावलं. पण पोस्टाला कुलूप लागलं, एक आठवडा गेला, दुसरा गेला, आणि आक्काचं कार्ड आलं नाही. येणार कुठून? ते पलीकडच्या दुकानात, तिच्या घराला लागून असलेल्या भिंतीच्या फळीवर पडलं असणार. बहिणीने लिहिलेलं कार्ड तिच्याच शेजारच्या दुकानातून आणायला नदी ओलांडायची, ही खात्याची सोय. नावाडी दोन दिवस चरफडला. तिसऱ्या दिवशी त्याने कोंबड्या हाकलल्या, नाव उलटी केली, फटींत चिंध्या कोंबल्या, वरून डांबर ओतलं. गावातले दोघं-तिघं उत्साहाने आले. "बसा," तो म्हणाला. "बुडालात तर तक्रार नकाशाकडे करा." ते एकदा बसले. त्यांचं टपाल काही नव्हतंच, जाऊन दुकानात चहा पिऊन आले. पुन्हा आले नाहीत.

दुकानदार तराजूवर अंगठा ठेवण्यात पटाईत, म्हणून दोन्ही काठांवर त्याला अंगठेशेठ म्हणत. आता खात्याने तोच अंगठा पाकिटं तोलायला बसवला होता.

"कार्ड आलंय माझं," नावाडी म्हणाला.

"ओळखपत्र?"

"घरी आहे."

"मग नाही देता येत. नियम आहे. नाहीतर ओळखीचं माणूस आणा."

दुकानाबाहेरच्या बाकावर हातातली काठी गुडघ्यांत धरून आक्का बसली होती. अंगठेशेठने तिथूनच हाक मारली, "आक्का, तुम्ही ओळखता का यांना?"

आक्काने चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत बघितलं. "नाही रे. मला एक भाऊ आहे खरा. पण तो याच्यापेक्षा तरतरीत होता. आणि त्याला नाव चालवता यायची. हा आत्ता काठाला धडकला, मी बघितलं."

नावाडी दुकानदाराकडे वळला. "त्यांना सांग, धडकलो नाही. लावली."

"त्याला सांग, लावताना नावेला घाव घालत नाहीत."

"म्हणजे ओळख पटली की नाही पटली?" अंगठेशेठ वैतागला.

"इतकं खोटं बोलतोय म्हणजे तोच," आक्का म्हणाली. "दे त्याला."

नावाडी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि बोट फिरवत वाचायला लागला. "तुमचं पोस्ट बंद झालं म्हणे. आता झक मारत इकडे येशील." त्याने लगेच कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, "कार्डासाठी आलो. गैरसमज नसावा." कार्ड पेटीत टाकलं आणि मान वळवून न बघता नावेत जाऊन बसला.

तेव्हापासून तसंच चाललं. दोघं एका बाकावर, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. ती कार्ड लिहून पेटीत टाकायची. पेटीतलं कार्ड शहराला जायचं, शिक्का खाऊन त्याच दुकानात परत यायचं, मग हा ते तिच्यासमोर वाचायचा आणि उत्तर त्याच पेटीत टाकायचा. खात्याचा तिमाही अहवाल आला तो अंगठेशेठने छाती फुगवून वाचून दाखवला: पर्यायी केंद्रावर टपालात समाधानकारक वाढ. ती वाढ बाकावर बसून काड्यांनी दात कोरत होती. साहेबांना बढती मिळाल्याचंही कळलं.

हिवाळ्यात एका सकाळी नावाडी आला तेव्हा आक्का नुसतीच बसली होती. हातात कार्ड नाही, पेन नाही.

"धाकल्या," ती म्हणाली.

अंगठेशेठचा अंगठा तराजूवरून उठला.

नावाडी नदीकडे बघत म्हणाला, "लिहून दे."

"लिहिलं असतं. पण रविवारी मुलगा मला न्यायला येतोय. मास्तर गेल्यावर घर त्याच्या नावावर झालं होतं, ते विकलंय त्याने, मला न विचारता. कार्ड तुला मंगळवारी मिळणार. मंगळवारी मी शहरात त्याच्या सातव्या मजल्यावर असेन."

नावाडी नदीवरची नजर काढून तिच्याकडे वळला. मग त्याने विचारलं, "तुला जायचंय?"

"जायचं असतं तर तुझ्याशी बोलले असते का?"

"सामान किती?"

"सामान त्यालाच घेऊ दे. डोळा त्याचा त्यावरच होता."

तिने एक पिशवी घेतली. नावेत पाय ठेवल्यापासून तिचं तोंड चालू झालं. पाणी आत येतंय, वल्हं वाकडं आहे, बसायला धड फळी नाही. नावाडीही मागे राहिला नाही. वीस वर्षांचं साचलेलं होतं, नदी कमी पडली.

रविवारी मुलगा पलीकडच्या काठावर येऊन हाका मारत बसला. कोणी नाव नेली नाही. पुलावरून वळसा घालून तो संध्याकाळी पोचला, बूट न काढताच आत आला. "मामा, ही काय पद्धत झाली?"

"टपाल वेळेत नेलं नाही की परत जातं," नावाडी म्हणाला. "हे तिचंच घर आहे. इथेच जन्मली ती. जेवणार असशील तर बूट काढ."

तो जेवला. आईला बरोबर ने, असं त्याच्या बायकोने बजावलं नसणार, कारण दुसऱ्यांदा त्याने विचारलंही नाही. शेवटची बस धरून निघून गेला.

दोघांची कार्डं थांबली तसा पलीकडचा काउंटरही खात्याने उठवला आणि जवळचा पर्याय म्हणून शहर दिलं. त्यावर सभा भरली नाही.

आक्का त्यानंतरच्या मार्चमध्ये, माहेरच्या घरात, दुपारी गेली. नावाडी त्याच्या पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये न्यूमोनियाने गेला.