मंगळावर पास झालेले फेर्मीनकाका

आमच्या गावात कार्मेनमातेच्या पालखीला खांदा द्यायचा, तर सणाआधीच्या रविवारी चर्चच्या अंगणातला ऐंशी किलोचा धोंडा गुडघ्यापर्यंत उचलून दाखवावा लागतो. यंदा फेर्मीनकाकांकडून तो हललासुद्धा नाही. काकांचं वय बहात्तर, आणि एकेचाळीस वर्षं पुढची डावी दांडी त्यांची. ती गेली की बाकावर बसून घेवडा सोलायचा, एवढंच त्यांच्या नशिबी होतं.

"बाबा, पुरे आता. घरी बसा," त्यांचा मुलगा निकानोर चारचौघांत म्हणाला. मला त्याचा असा राग आला!

माझी भाची यास्ना डोंगरावरच्या दुर्बिणवाल्यांकडे स्वयंपाकाला आहे. तिथे एम्पानादाच्या खिमा भरलेल्या करंज्या तळता तळता तिला विश्वाचं ज्ञान होतं. ती म्हणाली, "मामा, हाच धोंडा मंगळावर तीस किलो भरतो. तिथं काका आरामात पास."

मी पालखी मंडळाचा चिटणीस. नियमांची वही उघडली. 'धोंडा उचलावा' एवढंच लिहिलेलं. कुठे, ते नाही. आमच्या मंडळात नियमापुढे कुणाचं चालत नाही, अकलेचंही नाही. तीस किलो बटाट्यांचं पोतं आणलं, काकांनी ते उचललं आणि मी लिहिलं : फेर्मीन, उत्तीर्ण, मंगळ.

"मग गुरू ग्रहाने काय घोडं मारलंय?" निकानोर भडकला. "तिथलं पण बघा की!"

"तिथं दोनशे किलो," यास्ना म्हणाली.

"तूच दाखव उचलून," काका मुलाला म्हणाले. "का नुसतं तोंडानंच उचलतोस?"

निकानोर इरेला पेटला. दोनशे किलो बटाटे एकत्र बांधून त्याने हात घातला. त्याच्या कमरेतून असा आवाज आला की सावलीतलं कुत्रं उठून गेलं.

सणाच्या दिवशी पालखीची पुढची डावी बाजू काही केल्या उठेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काका मंगळावर पास झालेत," यास्ना म्हणाली. "देवी अजून पृथ्वीवरच आहे."

मग देवीलाच मंगळावर न्यायचं ठरलं. मेणबत्त्यांची झाडं उतरवली, चांदीची कमान काढली, फुलं काढली. तरी जडच. शेवटी चौरंग आणि दांड्याही गेल्या. उरली नुसती देवी, बारा किलोंची. काकांनी तिला दोन्ही हातांवर आडवं घेतलं आणि ते चालू लागले. मागून आम्ही बाकीचे पंधरा वाहक, रिकामे खांदे तिरके करून, एका तालात पावलं टाकत होतो.

चौकात मी खांदा बदलायची घंटा वाजवली. कमरेत वाकलेला निकानोर पुढे आला.

"बाबा, द्या इकडे. दमाल."

"तुझी आई शेवटी एवढीच उरली होती," काका न थांबता म्हणाले. "तिला न्हाणीत नेताना आला होतास कधी हात द्यायला?"

निकानोर चौकातच उभा राहिला. त्यानंतर चर्चपर्यंत मी घंटेला हात लावला नाही.