गार अंडं

शिंप्याची म्हातारी कोंबडी अंडी द्यायची थांबली. बायको रोज सकाळी खुराड्यात हात घालायची आणि कोंबडीखालचं ताजं, उबदार अंडं आधी डोळ्यांना लावायची. आता ती ही कोंबडी कापायला काढणार, या धास्तीनं शिंप्यानं गुपचूप फ्रिजमधलं एक अंडं कोंबडीखाली सरकवलं.

लगेच बायको आली. अंडं डोळ्याला लावताच दचकली.

"अहो, हिला हुडहुडी भरली की काय? अंडं बर्फासारखं गार!"

"फ्रिजमधलं मीच ठेवलं. म्हटलं, तू हिला कापायला काढशील," शिंपी म्हणाला.

"खुळेच आहात. गेल्या वर्षी मी अंथरुणातून उठले ती हिच्याच अंड्यांवर. हिला कापू देईन होय?"

दुसऱ्या सकाळीही तिनं खुराड्यात हात घातला. अंडं नव्हतंच. तरी कोंबडीखाली हात तसाच ठेवून ती बराच वेळ बसून राहिली.

"ऊब आहे हो अजून," ती म्हणाली.