डबी कुणाची

मिस्त्रींनी आयुष्यभर कारखान्यात दगडी फरशा घासल्या आणि त्या धुळीत फुफ्फुसं घालवून बसले. घर दोन जिने वर. चढताना तीनदा थांबावं लागे. पण मुलगा गुणाचा. बापाबरोबर तोही दर वळणावर कठड्याला टेकून थांबायचा. "सावकाश बाबा, कुठं आग लागलीय?" बापाच्या जागेवर, बापाच्याच यंत्रापाशी आता तो उभा राहत होता. "मी तोंडाला फडकं बांधतो. तुमच्यासारखा वेडेपणा नाही करत," असं वर ऐकवायचा. मिस्त्रींना तेवढाच धीर.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी या जुनाट दुखण्याचा अभ्यास हाती घेतला होता. छातीच्या रोग्यांच्या पोटात कोणते जंतू नांदतात आणि निरोगी माणसांपेक्षा ते वेगळे असतात का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी मिस्त्रींच्या हातात एक डबी ठेवली आणि सकाळची शी आणायला सांगितली.

मिस्त्री घरी येऊन भडकले. "दुखणं छातीत, आणि ही बाई बघणार कुठं!" चार दिवस डबी रिकामीच. एक तर लाज, त्यात त्यांचं पोट जन्माचं हट्टी. शेवटी मुलगाच वैतागला. "आणा इकडे. तुमचं काय नि माझं काय, एकाच चुलीवरचं आहे." त्याने काम उरकलं आणि डबीवर बापाचं नाव लिहिलं. दोघे पोट धरधरून हसले. हसता हसता दोघांनाही खोकल्याची उबळ आली.

महिन्याने बाईंनी बोलावलं. मुलगा बाहेर गाडीपाशी थांबला. मिस्त्री हसू दाबतच आत गेले. आता बाई म्हणणार, काका, पोट अगदी जवान माणसाचं आहे तुमचं!

बाईंनी कागद पुढे सरकवला. "वाटलं होतं तसंच निघालं, काका. निरोगी माणसात जे जंतू भरपूर सापडतात, ते यात जवळजवळ नाहीतच. आमच्या बाकीच्या छातीच्या रोग्यांसारखाच आहे तुमचा नमुना."

मिस्त्रींचं दाबलेलं हसू विरलं. "धडधाकट माणसाचंही असं निघू शकतं?"

"निघू शकतं. खाण्यापिण्याने, औषधांनी फरक पडतो. नुसत्या यावरून रोग ठरत नाही. पण पोटाचं आणि फुफ्फुसांचं काहीतरी साटंलोटं आहे, असं दिसतंय. का विचारताय?"

"सहज." खरं सांगायला त्यांची जीभच रेटेना.

घराशी आल्यावर मुलाने नेहमीसारखा हात पुढे केला.

"तू हो पुढे. मी येतो मागून."

"कशाला? जाऊ की बरोबर."

"हो पुढे म्हटलं ना!"

बाप असा कधी ओरडत नसे. मुलगा मुकाट्याने वर निघाला. मिस्त्री खाली कान देऊन उभे राहिले. स्वतःच्या छातीतली घरघर मध्ये येऊ नये म्हणून त्यांनी तोंडावर हात दाबून धरला.

पावलं चढत गेली. पहिल्या वळणावर थांबली. बराच वेळ काही नाही, मग दाबलेला खोकला.

"तुमच्यासाठीच... थांबलोय, बाबा," वरून आवाज आला. "या सावकाश."

मिस्त्रींनी पायरीवर ठेवलेला पाय मागे घेतला.

"खाली ये," ते म्हणाले. "बाईंकडे परत जायचंय. ती डबी तुझी होती, हे सांगायचं राहिलंय."