ऑपरेटरबाईंची यंत्रं

"वन्सं, तुमच्या खोलीतून धूर येतोय!"

रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर दिवसभर घाबरलेले आवाज येत. ऑपरेटरबाईंना त्याची सवय होती. समोरचा रडत असो की ओरडत, त्या शांतपणे विचारायच्या, "कोणता वॉर्ड?" पण हा आवाज घरचा होता, भावजयीचा.

"बाबा कुठेत?"

"आतच आहेत, तुमच्याच खोलीत! दार उघडलं तर काही दिसतच नाहीये हो..."

"आधी मीटरजवळचा मेन स्विच पाड. मग तोंडाला ओलं फडकं धर आणि बाबांना बाहेर ओढ. कशावरही पाणी टाकू नकोस. ऐकतेयस ना? फोन बंद करू नको, तसाच राहू दे."

कानातल्या हेडफोनमधून चपलांचा फटफट आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा, मग खोकल्याचा. तो खोकला बाबांचा होता. बाईंनी दुसऱ्या लाइनवर रुग्णवाहिका जोडली आणि परक्याचा पत्ता सांगावा तसा स्वतःच्या घराचा पत्ता स्पष्ट सांगितला. बोर्डावर बाकीचे दिवे लुकलुकतच होते. तेही घ्यावे लागत होते. "नमस्कार, कोणता वॉर्ड?" त्या विचारत होत्या, आणि एका कानात खोकला थांबायची वाट बघत होत्या. थांबला, तेव्हा त्या जास्तच घाबरल्या.

बाबा वाचले. त्याच रुग्णालयात, बोर्डाच्या खोलीवरच्या मजल्यावर, तोंडाला मास्क लावून ते पडून होते. फुप्फुसं आधीच अधू. डॉक्टर म्हणाले, रात्रभर इथेच राहू द्या. भाऊ गोदामावरून तसाच धावत आला होता. अंगावर सुपरवायझरचा निळा डगला, कपाळावर घाम.

"काय जळलं?" त्याने बाईंना पॅसेजमध्येच गाठलं.

"जळलं नाही रे. फुटलं. टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला कपॅसिटर असणार. जुना झाला की त्याच्या आवरणाला तडे जातात, आत ओल शिरते, आणि मग..."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"हो. बदलायचाच होता. नवा आणून ठेवलाय ड्रॉवरमध्ये."

भाऊ हसला. हसण्यासारखं काही नसताना माणूस हसतो, तसा.

"आणि चालू ठेवून कामावर आलीस."

बाईंनी तोंड उघडलं. सकाळी निघताना भिंतीवरचं बटण बंद केलेलं त्यांना आठवत होतं. बटणावर बोट ठेवूनच त्या खोलीबाहेर पडत, वर्षानुवर्षांची सवय. पण अशा दिवशी स्वतःच्या हातावरही भरवसा राहत नाही.

"असेल," त्या म्हणाल्या.

"असेल? ताई, बाबा गेले असते आज!" त्याचा आवाज चिरकला. जाणारी-येणारी माणसं बघू लागली. "रविवारपर्यंत ते सगळं भंगार घराबाहेर गेलं पाहिजे. तू काढ, नाहीतर मी काढतो."

"बरं," बाई म्हणाल्या.

त्याच्यावर चिडणं त्यांना जमेना. मागे एकदा गोदामाला आग लागली तेव्हा याच्याबरोबर जेवायला बसणारा माणूस आतच राहिला होता. तेव्हापासून हा झोपण्याआधी गॅसचं बटण दोनदा चाचपून बघायचा.

भंगार म्हणजे खोलीच्या तीन भिंतींना लागून मांडलेले जुने घरगुती कॉम्प्युटर. कीबोर्डच्या पोटातच सगळं सामावलेले, टीव्हीला जोडायचे. पहिला रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूमने टाकून दिलेला. बाईंनी तो सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणला होता, नुसता आत काय असतं ते बघायला. मग बघतच राहिल्या. मेलेली चिप शोधून काढायची, तिच्या जागी नवी बसवायची, मेमरी वाढवायची, आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली की एकट्यानेच "आलास का बाबा!" म्हणायचं. पिवळं पडलेलं प्लास्टिक औषध चोपडून उन्हात ठेवायच्या, तेव्हा भावजय हसायची. "वन्संनी लेकरांना न्हाऊमाखू घातलंय बरं का आज." लग्न झालं नव्हतं, त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, त्या विनोदात तेवढं येऊन जाई.

त्या संध्याकाळी बाईंनी खोलीचं दार उघडलं. जळक्या माशासारखा कसलासा उग्र वास भिंतींत बसला होता. टेबलावरच्या यंत्राच्या जाळीतून चिकट तपकिरी ओघळ आले होते. त्यांनी स्क्रू काढण्यासाठी ते आडवं केलं, आणि हात थांबला.

यंत्राच्या खाचेत खेळाचं कार्ट्रिज होतं. चेंडूने विटांची भिंत फोडायचा खेळ. तो त्यांनी कित्येक महिन्यांत लावलेला नव्हता. मग खुर्ची दिसली, टीव्हीच्या अगदी पुढ्यात ओढलेली, तिच्यावर बाबांची पाठीची उशी. टेबलाखाली त्यांचा चष्मा पडला होता.

बाई खाली बसल्या.

गेल्या वर्षी बाबा रस्त्यात पडले, आणि भावाने फाटकाला कुलूप लावलं. मग वस्तरा गेला, मग जिन्यावर जायची मनाई आली. सगळं त्यांच्या भल्यासाठीच. घरात ज्या दाराला कुणी कडी घातली नव्हती असं हे एकच दार उरलं होतं.

त्यांनी कार्ट्रिज काढून डब्यात ठेवलं. उशी बाबांच्या पलंगावर नेऊन टाकली. चष्मा पर्समध्ये घातला.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी त्या वर गेल्या. बाबांचा मास्क निघाला होता.

"टेबलाखाली सापडला," चष्मा हातात देत त्या म्हणाल्या.

बाबा बराच वेळ काचा पुसत राहिले.

"सांगणार आहेस त्याला?"

"काय सांगायचंय?"

"यंत्र गेलं का कामातून?"

"नाही हो. नवा कपॅसिटर घातला की चालेल."

"मग बरं." दाराकडे बघत ते पुटपुटले, "तिसरी भिंत फुटत आली होती."

बाईंना हसू आलं आणि लगेच रडूही. त्या घाईने जिना उतरून बोर्डावर जाऊन बसल्या.

रविवारी टेम्पो आला. बाईंनी एकेक यंत्र गोधडीत गुंडाळून दिलं. भाऊ फाटकाशी हाताची घडी घालून उभा होता. यंत्रं संपली, तेव्हा त्यांनी आतून आपली बॅग आणली.

"ही कशाला?" भावाने विचारलं.

"कपडे नकोत का मला?"

"कपडे? कुठे निघालीस?"

"आमच्या मेट्रनबाईंच्या गच्चीवरची खोली घेतलीय. तू म्हणालास घराबाहेर. यांना बाहेर काढून मी आत काय करू?"

"ताई, तमाशा करू नकोस. मी तुला नाही म्हटलं, त्यांना म्हटलं."

"कळलं रे मला. रागावून नाही चाललेय."

भावजय पदर तोंडाला लावून दारात उभी होती. बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत होते. त्यांचे ओठ हलले, पण भावाकडे बघून पुन्हा मिटले. बाईंनी वाकून त्यांच्या मफलरचं टोक नीट खोचलं.

"औषधं वेळेवर घ्या. आणि गप्प राहा," त्या हळूच म्हणाल्या.

टेम्पो वळेपर्यंत भाऊ फाटकात उभा होता. कुलूप त्याच्या हातात तसंच होतं.

महिना उलटून गेला. सुट्टीच्या एका दुपारी बाई गच्चीवरच्या खोलीत सोल्डरिंगचं डागकाम करत होत्या. जिन्यावर पावलं वाजली; सावकाश, थांबत थांबत. दारात बाबा होते, आणि त्यांच्या दंडाला धरून भाऊ.

"काल बोलले," भाऊ आत न येताच म्हणाला. "जेवता जेवता ताट सारलं नि म्हणाले, मीच चालू केलं होतं. रोज करायचो. ताईला ठाऊक आहे. तुला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं, तर तू त्या खोलीलाही कुलूप घातलं असतंस."

भावाने मान खाली घातली. बूट दाराच्या उंबऱ्याला टेकवत राहिला.

"घातलं असतं," तो म्हणाला. मग एकदम, "चल घरी."

"येईन की. जेवायला येईन, राहायला बोलावलंस तर दोन दिवस राहीन. पण खोली नाही सोडणार आता."

बाबा तोवर टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसलेही होते. "कपॅसिटर बदललास ना? मग लाव की ते," ते म्हणाले.

बाईंनी बटण दाबलं. पडदा उजळला. मागे वळून बघितलं तर भाऊ नव्हता. जिना धडाधड उतरल्याचा आवाज तेवढा आला. गेला चिडून, त्यांना वाटलं. असू दे.

चेंडू विटांवर आपटत राहिला. टक, टक. बाबा पुढे वाकले होते, मानेच्या शिरा ताणलेल्या, जीभ जराशी बाहेर. ऊन आत आलं म्हणून दार लोटायला बाई उठल्या.

भाऊ जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर पाठमोरा बसला होता. गुडघ्यांमध्ये खाली जाऊन आणलेलं, आग विझवायचं लहानसं लाल नळकांडं, नवं कोरं, अर्धं प्लास्टिक अजून तसंच. त्यावरच्या सूचना तो एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होता.

"अरे, आत ये ना."

"नको. खेळू दे त्यांना." त्याने वर बघितलं नाही. "मी आहे इथे."

बाईंनी दार लोटलं नाही. आत कुठेतरी एक वीट फुटली, आणि भाऊ पिन कशी ओढायची ते पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.