वाकलेली फळी आणि न कापलेली पानं

मित्रांनो, मी एक जुनी, मधोमध वाकलेली फळी आहे. संगीताच्या ग्रंथालयात मी एकाच थोर संगीतकारावरची पुस्तकं वाहते. तो ऑपेरा रचायचा, म्हणजे अथपासून इतिपर्यंत गाऊन सादर होणारी नाटकं. मी पडले लाकूड. माझं चुकतही असेल. पण संशय घेण्याची खोड मला या पुस्तकांनीच लावली.

सुताराने मला बसवलं तेव्हा माझ्यावर एकच पातळ पुस्तक होतं. संगीतकाराच्या नाटकमंडळीतल्या प्रॉम्प्टरने, म्हणजे आडोशाने नटांना विसरलेले शब्द सुचवणाऱ्याने, लिहिलेलं चरित्र. मग पत्रसंग्रह आले, प्रबंध आले, प्रबंधांवरची टीका आली, टीकेचे खंड आले. जो तो आधीच्यावर डोळे वटारतच यायचा. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत: प्रॉम्प्टर थापाड्या. शेवटचं गाणं एका बैठकीत रचलं गेलं, असं म्हणे त्याने लिहून ठेवलं होतं. लोक माझ्या भक्कमपणाचं कौतुक करत. मी मनात म्हणे, या बिचाऱ्या पातळ्याला हात लावताना तर कुणीच दिसत नाही!

एकदा ग्रंथपालाची वहिनी आपला जाडजूड नवा ग्रंथ घेऊन आली.

"वहिनी, जागा कुठाय? कुणाला तरी उठवावं लागेल."

"मग या थापाड्याला काढा की, भावजी. बाकीच्यांनी कधीच रद्दीत घातलाय."

मी धास्तावले. ग्रंथपालाने पुस्तक चाळलं आणि तो थबकला. जुन्या पद्धतीप्रमाणे पानांच्या कडा जोडलेल्या होत्या. वाचणाऱ्याने त्या कापायच्या असत. अर्ध्या पुस्तकापुढे कुणी सुरी लावलीच नव्हती.

"वहिनी, हा थापाड्या, हे तुम्ही वाचलंत कुठून?"

"आधीच्या ग्रंथातून."

"आणि त्यांनी?"

"त्यांच्या आधीच्या... अहो, हसताय काय? सुरी आणा!"

कडा कापत ती वाचू लागली. एका पानावर तिचा आवाज उतरला. "'एका बैठकीची ती कथा मी मागे सांगितली, पण ती अफवाच. तो हिवाळाभर त्या गाण्याशी झगडत होता, मी पाहिलंय.' भावजी, यानेच ती खोडलीय हो!"

तिने त्याला जागेवर ठेवलं आणि आपला ग्रंथ काखोटीला मारला. "हा घरी नेते. पुन्हा लिहायला हवा."

"म्हणजे दादाच्या हाती पुन्हा पोळपाट!"

मित्रांनो, आम्हाला पुसा, ओलीपासून जपा. पण कुणाला खोटं ठरवण्याआधी त्याचं शेवटचं पानही उघडा. बाकीचे ग्रंथ दाबून ग्रंथपालाने वहिनींसाठी माझ्यावर चार बोटं जागा रिकामी केली आहे. त्यांचा ग्रंथ येईल. मग तो तरी कुणी उघडतं का, यावर माझी नजर राहील.