पाठ केलेला तक्ता

“न, म, ग, व,” आश्रुबानं छाती पुढं काढून वाचलं.

सेलूतल्या शाळेच्या वर्गात डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. शेजारच्या जिनिंग गिरणीतून उडालेला कापूस खिडकीतून आत येई आणि उन्हाच्या तिरिपेत तरंगत राही. सगळा वर्ग दुधात बुडाल्यासारखा वाटत होता. आश्रुबाला दोन वर्षांपासून सगळं गाव असंच दिसतं, हे फक्त त्याच्या बायकोला, कस्तुराबाईला ठाऊक होतं.

चौथी शिकलेला माणूस. अर्ध्या गावाची पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या त्यानंच वाचलेल्या; ऐट अजून तीच. बायकोची साखरेच्या आजाराची गोळी तोच पाकीट वाचून तिच्या हातावर ठेवी. हल्ली ती हमखास भलतीच निघे. कस्तुराबाई ती मुकाट्यानं पदराला बांधी आणि पाठमोरी होऊन बरोबर गोळी घेई. भजनाला जाते असं सांगून ती वर्षभर साक्षरतेच्या वर्गाला जात होती. नवऱ्याला ते सांगायचं धाडस मात्र झालं नव्हतं.

भक्ती सिस्टर मान खाली घालून यादी लिहीत होती. ऑपरेशनची नावं आजच परभणीला जायची होती.

“नजर चांगलीय की आजोबा,” ती वर न बघताच म्हणाली.

चांगली कसली! रांगेत बसून, पुढच्यांचं ऐकून त्यानं तक्ता पाठ केला होता. चहाच्या सुट्टीत तक्ता बदलला, हे बिचाऱ्याला दिसलंच नव्हतं.

कस्तुराबाईनं नवा तक्ता मनात वाचला. गप्प बसावं तर त्याची ऐट राहील, पण डोळे जातील.

“सिस्टर,” ती उठून म्हणाली, “तितं न न्हाई. र हाय. मंग प. मंग ल.”

सिस्टरनं तक्त्याकडं पाहिलं, मग आश्रुबाकडं. यादीत एक नाव वाढलं.

आश्रुबा आवाजाच्या दिशेनं वळला.

“भजनात हे शिकवायलेत व्हय?”

“राग आला का?”

त्यानं खिशातली गोळ्यांची पाकिटं काढून चाचपत तिच्या हातात दिली. मग खुर्चीत रेलून डोळे मिटले.

“खालची ओळ वाच,” तो म्हणाला. “सावकाश. मला ऐकू दी.”

कस्तुराबाईनं आधी पदरानं डोळे पुसले. त्याशिवाय तिला अक्षरं दिसेनात.