मागच्या दाराचं काम

कंपाउंडरने कापसाचा बोळा नाकाशी नेला, डोळे अर्धवट मिटले, बराच वेळ तसाच थांबला आणि मग समाधानाने मान डोलावली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "चार आठवड्यांनी आणा."

शिंपीणबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांच्या कुत्र्याने तो आधीच टाकला होता, कारण कंपाउंडरचं बोट बाहेर आलं होतं. कुत्र्याचं नाव बटण. आखूड पाय, रुंद पाठ, तपकिरी रंग. सगळं आयुष्य शिलाई मशीनखाली चिंध्यांच्या ढिगावर गेल्यामुळे त्याच्या अंगाला कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचा दोरा चिकटलेला असे. शिंपीणबाईंनी त्याला टेबलावरून उतरवलं, चार आठवडे म्हणजे नेमकी कुठली तारीख ते विचारून घेतलं आणि निघाल्या. बाई मापाच्या पक्क्या होत्या. चार म्हटल्यावर साडेतीन नाही आणि सव्वाचार नाही.

त्या गेल्यावर कंपाउंडरने तोच बोळा पुन्हा नाकाशी नेला. आता कोणी बघत नव्हतं, म्हणून चांगला खोल हुंगला. काही नाही. नळाच्या पाण्यात भिजवलेला कापूस असावा, तसा.

कुत्र्याच्या शेपटीखाली, घड्याळात चार आणि आठ असतात त्या जागी, दोन लहानशा पिशव्या असतात. त्यांत एक द्रव साठतो आणि कुत्र्याने सकाळचं उरकलं की त्याबरोबर निघून जातो. काही कुत्र्यांचा निघत नाही. मग ती घरात पाहुणे येण्याची वाट बघतात, आणि ते आले की बूड जमिनीला टेकवून गालिच्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत जातात. पुस्तकात या पिशव्यांना भारदस्त नाव आहे, पण ते उच्चारण्याची वेळ कंपाउंडरवर कधी आली नाही. कुत्र्यांचे मालक तर 'पिशव्या' म्हणायलाही लाजत. कोणी 'त्याचं ते' म्हणे, कोणी नुसतं 'मागचं'. बँकेच्या एका मॅनेजरने आठ वर्षांत शब्द म्हणून वापरला नव्हता. तो कुत्र्याची साखळी धरून दारात उभा राही आणि एक भुवई वर करी.

थोरल्या डॉक्टरांनी, म्हणजे आताच्या डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी, दवाखाना काढला तेव्हाच नियम घालून दिला होता: मागच्या दाराचं काम मागच्या दारी. दवाखान्याच्या मागे पडवी होती. तिथे एक लोखंडी टेबल, एक नळ, कापूस, हातमोजे आणि कंपाउंडर. या कामाचा कागद होत नसे, कुठेच नोंद नसे. कंपाउंडरने पिशव्या पिळून रिकाम्या कराव्यात, आलेलं कापसावर घेऊन हुंगावं, आणि त्याने मान नकारार्थी हलवली तरच कुत्रं आत डॉक्टरांपुढे जावं. नेहमीच्या द्रवाला सडक्या मासळीसारखी दुर्गंधी येते, आणि ती दुर्गंधी चांगली. आत पू धरू लागला की रंग बदलायच्या आधी वास बदलतो. त्या बदललेल्या वासाला भाषेत शब्द नाही. तो कंपाउंडरच्या नाकात होता. प्रयोगशाळा दोन दिवसांनी कळवते ते हा दोन श्वासांत सांगतो, असं थोरले डॉक्टर लोकांना बोलावून बोलावून सांगत. एकतीस वर्षांत कंपाउंडरला मिळालेलं हे एकमेव मानपत्र.

मागच्या हिवाळ्यात त्याला ताप आला. आठ दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. पहिले काही दिवस कंपाउंडरला बरंच वाटलं. ज्याच्या शेजारची माणसं बसमध्ये एकतीस वर्षं सरकून बसत आली, त्याला हक्काची रजा मिळाल्यासारखं. मग तो कामावर रुजू झाला, पहिला बोळा नाकाशी नेला आणि त्याला दरदरून घाम फुटला.

त्याने तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगणारही होता, उद्या. पण त्याच सुमारास डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या की हल्ली प्रमाणपत्रवाले तंत्रज्ञ मिळतात, एखादा ठेवावा म्हणते. आणि त्याचा चेहरा बघून लगेच म्हणाल्या, "पण तुमचं नाक कुठून आणायचं, काका?"

हे कौतुक ऐकल्यापासून कंपाउंडर नीट झोपला नव्हता. पिळायला काय, बोटं कोणाचीही चालतात. मग त्याने नाटक सुरू केलं. डोळ्यांना काय दिसतं, बोटाला किती घट्ट लागतं, यावर अंदाज बांधायचा आणि हुंगायचं मात्र पूर्वीपेक्षा अंमळ जास्त. खरं हुंगणं अर्ध्या क्षणात होतं. खोट्याला वेळ लागतो. लोकांना वाटलं, वयाबरोबर माणूस अधिक काळजीपूर्वक काम करू लागला. असे सात महिने गेले.

शिंपीणबाई चार आठवड्यांनी यायच्या होत्या. त्या एकोणिसाव्या दिवशी आल्या, आणि पुढच्या दाराने आल्या.

बटणला त्यांनी पांढऱ्या कापडात गुंडाळलं होतं. कापड भारी होतं, कोणा गिऱ्हाइकाच्या झग्यासाठी बेतलेलं. हाताला पहिलं जे लागलं ते त्यांनी उचललं होतं, आणि आता त्याचा अर्धा भाग रक्तापुवाने भरला होता. डॉक्टरीणबाईंनी शेपटी वर केली. आठाच्या जागेशेजारी कातडी फुटून भोक पडलं होतं. बटण ओरडला नाही. ओरडण्याचा काळ त्याचा घरीच संपला असावा.

डॉक्टरीणबाई मनाने मऊ होत्या, पण दुखणं अंगावर काढलेलं जनावर दिसलं की त्यांची जीभ सुटे. ही पिशवी आज फुटली असली तरी सडत कधीची होती, त्याला बसता येत नव्हतं ते दिसलं नाही का, माणसाला तोंड असतं, याला नाही, मग बघायचं कोणी, असं सगळं त्यांनी हातमोजे चढवता चढवता ऐकवलं. कंपाउंडर औषधाचा ट्रे घेऊन दारात उभा होता.

शिंपीणबाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग नजर खाली गेली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "गेले दोन दिवस तो चिंध्यांवर न बसता उभाच राहायचा. पण म्हटलं, तारीख व्हायची आहे अजून."

कंपाउंडरने काही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. पडवीतल्या कामाचा कागद होत नाही, हे त्या क्षणी त्याला फार सोयीचं वाटलं, आणि सोयीचं वाटलं याचीच शरम वाटली.

"ताई," तो म्हणाला, "बाईंनी आणलं होतं त्याला. एकोणीस दिवसांपूर्वी. मीच ठीक आहे म्हणून परत पाठवलं."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही. "मग तेव्हा ठीक असेल, काका. नंतर बिघडलं. तुमचं नाक का चुकणार आहे?"

झालं. कबुली दिली तर ती मोडीत काढून परत हातात दिली. एकदा तोंड उघडायला त्याला सात महिने लागले होते, आणि आता ते लगेच दुसऱ्यांदा उघडायचं होतं.

"नाक नाही मला," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"हिवाळ्यापासून वास येत नाही. कशाचाच. मी नुसतं हुंगल्यासारखं करतो."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं. लहानपणी याच माणसाच्या खांद्यावर बसून त्यांनी गाईचं बाळंतपण पाहिलं होतं. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण टेबलावर कुत्रं होतं.

"आधी याचं बघू," त्या म्हणाल्या. "पाय धरा."

त्याने पाय धरले. गुंगीचं इंजेक्शन लागलं, बटणचं अंग सैल पडलं. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, पुन्हा धुतली, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली. भोक शिवायचं नाही, त्यातूनच उरलेला पू निघायला हवा, असं त्यांनी शिंपीणबाईंना समजावलं. ज्या बाईने आयुष्यभर उसवलेलं शिवलं तिला हे पटायला थोडा वेळ लागला. बटणच्या मागच्या पायाला एक निळा दोरा चिकटला होता. कंपाउंडरने तो काढला आणि काय करायचं ते न सुचून खिशात ठेवला.

कुत्र्याची गुंगी उतरेपर्यंत शिंपीणबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. कंपाउंडर जाऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. माफी मागायची तर कशी, याचा त्याला सराव नव्हता. त्याच्या हातून चूक झाल्याचं एकतीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, कापडाचं नुकसान झालं. बाई म्हणाल्या, कापडाचं सोडा.



"तुम्ही इतका वेळ हुंगलंत ना, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माणूस मन लावून बघतोय."

कंपाउंडरने खिशातला निळा दोरा बोटाला गुंडाळला.

"मला सुईत दोरा ओवता येत नाही आता. दोन वर्षं झाली. शेजारणीला हाक मारावी लागते. दिवसातून दहादा." त्यांनी मांडीवरच्या कापडाची घडी घातली, डागाची बाजू आत. "पण मी मारते हाक."

एवढं बोलून त्यांनी बाकावर थोडं सरकून त्याला जागा केली. एकतीस वर्षांत माणसं त्याच्यापासून सरकत आली होती, पण तो बसावा म्हणून कोणी सरकल्याचं त्याला आठवेना. तो बसला.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी कोरी वही काढली आणि विचारलं की सात महिन्यांत किती कुत्री झाली. कंपाउंडरला सगळी पाठ होती, मालकांपेक्षा कुत्र्यांच्या मागच्या बाजूवरून जास्त. त्रेचाळीस भरली. प्रत्येक घरी फोन करून कुत्रं पुन्हा दाखवायला आणा म्हणून सांगायचं, आणि का तेही सांगायचं, असं त्या म्हणाल्या. फोन त्यांनी केले नाहीत, त्याच्यापुढे सरकवला. त्रेचाळीस वेळा तो तेच वाक्य बोलला. काहींनी चौकशी केली, दोघांनी शिव्या दिल्या, एका आजीबाईंनी तापावर काढा सुचवला. बँकेचा मॅनेजर बराच वेळ गप्प होता. फोनवर भुवई दिसत नाही, त्यामुळे शेवटी त्याला बोलावंच लागलं. "माझ्या कुत्र्याच्या पिशव्या?" त्याने विचारलं. आठ वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी त्या त्रेचाळिसांतलं पहिलं कुत्रं आलं. डॉक्टरीणबाई पडवीत आल्या. इथे त्या सहसा येत नसत, आणि आल्या तर मास्क लावून.

"तुम्ही पिळा," त्या म्हणाल्या. "वास मी घेते."

"मास्क काढावा लागेल, ताई."

त्यांनी काढला. बोळा हातभर लांब धरून हुंगला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की टेबलावरचं कुत्रंही ओशाळलं. एवढ्या लांबून नाही चालणार, असं कंपाउंडर म्हणाला. त्यांनी जवळ घेतला. चांगला वास आणि वाईट वास ओळखायचा कसा, त्यांनी विचारलं. हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. आता स्वतःला येत नसलेली गोष्ट दुसऱ्याला शब्दांत सांगायची होती.

"चांगला असतो तो येतो, नाकात झणझणतो आणि जातो," तो शेवटी म्हणाला. "बिघडलेला जात नाही. बसून राहतो. चहा संपला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "गेला."

"मग ठीक आहे."

त्यांनी ते वहीत लिहिलं. तंत्रज्ञाचं काय ठरलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

घरीही कंपाउंडरचा शिरस्ता मागच्या दाराचाच होता. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बायकोने घालून दिलेला: मागून यायचं, कपडे बादलीत, हात तीनदा साबणाने, मग घर. हल्ली त्यात भर पडली होती. हिवाळ्यापासून ती रोज टॉवेल घेऊन नळापाशी येऊन उभी राही. हात पुसून देताना ते आपल्या चेहऱ्याजवळ नेऊन बघे. साबणाने कातडी फाटली होती, ती बघत असेल असं तो समजे. मग कधी ती 'झालं' म्हणे, कधी 'अजून एकदा'. वयोमानाप्रमाणे बायकांचा सोवळेपणा वाढतो, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

आज हात धुता धुता त्याने तिला सगळं सांगितलं. नाकापासून त्रेचाळीस फोनांपर्यंत.

"तुला आधी सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"हिवाळ्यात एकदा दूध उतू जाऊन भांडं काळं झालं होतं," ती म्हणाली. "तुम्ही शेगडीशेजारी पेपर वाचत होतात. शेजारीण धावत आली, तुम्ही पान उलटलंत. तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुम्हीच सांगाल. सांगेपर्यंत तुमचे हात तरी बघावेत."

त्याने नळ बंद केला. पाणी ठिबकत होतं. रोजच्यासारखं टॉवेलची वाट न बघता त्याने दोन्ही ओले हात तिच्यापुढे धरले. तिनेही आज बघितल्यासारखं केलं नाही. ते हातात घेतले, नाकाशी नेले. अर्धा क्षण.

"अजून एकदा," ती म्हणाली.

कंपाउंडरने साबण उचलला आणि नळ पुन्हा सोडला.